चित्र बघायला शिक्षण किती लागतं?

(सामुदायिक रेडिओवरच्या महिलांच्या कार्यक्रमात एका बचत गटाने केलेलं भाषण)



आम्ही एका बचत गटातल्या बायका. माइकसमोर आवाज एकीचा आहे, पण बोलणं सगळ्यांचं आहे. बैठकांमध्ये जे जे निघालं ते वहीत उतरवलं आणि त्यातून हे भाषण तयार झालं. म्हणून आम्ही 'मी' न म्हणता 'आम्ही' म्हणणार आहोत.

या कार्यक्रमात तुम्ही रक्तक्षयावर ऐकलंत, शेळीपालनावर ऐकलंत, सातबाऱ्यावर नाव कसं लावायचं तेही ऐकलंत. आजचा विषय जरा वेगळा आहे. जगातल्या मोठमोठ्या चित्रकारांची चित्रं आणि ती समजावून सांगणारी, इंटरनेटवर फुकट मिळणारी व्याख्यानं, यांविषयी आज आम्ही बोलणार आहोत.

आता कुणी म्हणेल, खुरपणीचे दिवस आहेत, चित्रं बघून पोट भरणार आहे का? हा प्रश्न आम्हाला घरीही विचारला गेला आणि पारावरही. तुम्हीही विचारा. फक्त आधी ऐकून घ्या.

गटातल्या एकीची मुलगी चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेची तयारी करत होती. अभ्यासासाठी ती मोबाइलवर चित्रांवरची व्याख्यानं बघायची. एकदा बैठकीला थोडा वेळ होता, तेव्हा तिने एक व्याख्यान आम्हाला दाखवलं. मग दर बैठकीनंतर अर्धा तास, असं सुरू झालं. मोबाइल जोडून टीव्हीवर चित्र मोठं करायचं आणि सगळ्यांनी सतरंजीवर बसायचं.

पूर्वी हे शिकायचं तर मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टसारख्या ठिकाणी जावं लागे. ते सुरू झालं १८५७ साली. तिथवर आपल्यापैकी किती जणी पोचल्या असत्या? आता तसं राहिलेलं नाही. स्मार्टहिस्टरी नावाच्या संकेतस्थळावर दोन जाणकार एखाद्या चित्रासमोर उभे राहून आपसात बोलतात, आणि आपण ते ऐकतो. सरकारच्या 'स्वयम'वर कलेच्या इतिहासाचे वर्ग आहेत. गूगल आर्ट्स अँड कल्चरवर चित्राच्या इतकं जवळ जाता येतं की रंगावर पडलेल्या भेगाही दिसतात.

पहिल्याच दिवशी चार-पाच जणी म्हणाल्या, "आम्हाला चित्रातलं काय कळतंय?" खरं तर आपल्या सगळ्यांच्या घरात चित्र आहे. देव्हाऱ्याजवळ कमळावर उभी असलेली लक्ष्मी असते. मुलांच्या दप्तराजवळ वीणा घेतलेली सरस्वती असते. देवीचं हे साडी नेसलेलं, माणसासारखं रूप घरोघर पोचलं ते राजा रविवर्मा यांच्यामुळे. त्यांचा जन्म केरळातला, १८४८ सालचा. त्यांनी राजेरजवाड्यांसाठी तैलरंगात मोठी चित्रं काढली. पण १८९४ साली त्यांनी मुंबईत स्वतःचा छापखाना काढला. पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. दगडावर चित्र उतरवायचं, एकेका रंगासाठी वेगळा दगड, आणि एकावर एक रंग छापत जायचं, असं ते काम होतं. त्यामुळे राजवाड्यातलं चित्र साध्या माणसाच्या ऐपतीत आलं. ज्यांना देवळात पाऊल ठेवू दिलं जात नव्हतं, त्यांच्याही भिंतीवर देव आला. हे समजल्यावर घरी जाऊन आम्ही त्या जुन्या तसबिरीची काच पुसली आणि खाली बारीक अक्षरात काय छापलंय ते वाचायला लागलो. आयुष्यभर जिला हात जोडले, तीही कुणीतरी काढलेली होती.

आता आमची बघायची पद्धत सांगतो. व्याख्यान बहुतेक वेळा इंग्रजीत असतं, कधी हिंदीत. म्हणून आधी आवाज बंद. पाच मिनिटं नुसतं चित्र बघायचं. प्रत्येकीने एक गोष्ट सांगायची, काय दिसतंय ती. "छान आहे" हे उत्तर चालत नाही. मग व्याख्यान लावायचं आणि दर दोन मिनिटांनी थांबवायचं. मुलगी आपल्या भाषेत सांगते, आम्ही विचारतो. या थांबण्यातच सगळी गंमत आहे.

अशा रीतीने आम्ही बघितलेलं पहिलं मोठं चित्र फ्रान्समधल्या मिले या चित्रकाराचं. साल १८५७, म्हणजे इकडे जे. जे. सुरू झालं तेच. चित्रात तीन बायका कापणी झालेल्या शेतात वाकून काहीतरी वेचतायत. मुलगी म्हणाली, "इंग्रजीत याला एक शब्द आहे, पण मराठीत काय म्हणायचं कळत नाही." सगळ्या एकदम म्हणाल्या, "अगं, सरवा वेचतायत!"

बरोबर. कापणीनंतर रानात पडलेल्या ओंब्या, कणसं, भुईमुगाच्या राहिलेल्या शेंगा वेचणं म्हणजे सरवा. तो कोण वेचतं? ज्याचं रान आहे तो नाही वेचत. ज्याला रान नाही त्याची बायको, विधवा, म्हातारी, पोरं वेचतात. फ्रान्समध्येही तसंच होतं. कापणी उरकल्यावर गरिबांनी मागे पडलेलं धान्य वेचावं, अशी तिथे जुनी मुभा होती.

नीट बघितलं तर त्या चित्रात दोन जगं आहेत. पुढे तीन बायका, डोक्याला फडकी बांधलेल्या, एकीचं निळं, एकीचं लाल, एकीचं पिवळसर. मागे लांबवर धान्याच्या गंजी, भरलेली गाडी, मजुरांची गर्दी, आणि उजवीकडे घोड्यावर बसलेला एक माणूस. "हा मुकादम," एक काकू लगेच म्हणाल्या. व्याख्यानातही तेच निघालं, तो देखरेख करणारा होता. मागे धान्याची रास आणि पुढे या तिघींच्या मुठीत चार काड्या.

हे चित्र पॅरिसच्या प्रदर्शनात लागलं तेव्हा श्रीमंत मंडळींना ते आवडलं नाही. नऊच वर्षांपूर्वी, १८४८ साली, तिथे क्रांती झाली होती. गरीब बायका इतक्या ठसठशीत, इतक्या पुढे येऊन उभ्या, हे त्यांना खुपलं. तोवर इतकी मानाची जागा चित्रात देवदेवतांना किंवा राजाला मिळायची. मिले स्वतः शेतकऱ्याच्या घरात जन्मलेला, म्हणून त्याला हे दिसलं असावं.

पण एक गोष्ट व्याख्यानात नव्हती, ती आमच्यातल्या सत्तरीच्या आजींनी सांगितली. डावीकडच्या बाईने वाकताना एक हात मागे पाठीवर घेतलाय. आजी म्हणाल्या, "सकाळची वेळ नाही ही. सकाळी हात पाठीवर जात नाही. दुपार उलटली की जातो." आम्ही परत चित्र बघितलं. सावल्या, प्रकाश, सगळं दुपार उतरल्यासारखं. आजींना सही करताना वेळ लागतो, पण चित्रातली वेळ त्यांनी बाईच्या कमरेवरून ओळखली. चित्र बघायला शिक्षण किती लागतं, याचं उत्तर आम्हाला त्या दिवशी मिळालं. पुस्तकातलं शिक्षण हवंच, पण आपल्या अंगात मुरलेलं शिक्षणही तिथे कामाला येतं.

आणखी एक हिशेब ऐका. मिलेला या चित्राचे मिळाले ३ हजार फ्रँक, त्याने मागितले होते त्याहून कमी. तो १८७५ साली वारला. १८८९ साली तेच चित्र ३ लाख फ्रँकला विकलं गेलं. ज्यानं केलं त्याला थोडं, ज्यानं ठेवलं त्याला जास्त. कांद्याचं गणित आपल्याला माहीत आहे, तसंच हे.

दुसरं चित्र व्हिन्सेंट व्हॅन गॉगचं. हा हॉलंडचा, जन्म १८५३. सूर्यफुलांचं त्याचं चित्र तुम्ही कॅलेंडरवर पाहिलं असेल. आम्ही बघितलं ते आधीचं, १८८५ सालचं, 'बटाटे खाणारे'. एका गरीब शेतकऱ्याचं घर, वर टांगलेला तेलाचा दिवा, आणि एका टेबलाभोवती पाच माणसं उकडलेले बटाटे खातायत. अंधारं, मळकट रंगाचं चित्र. चेहरे सुंदर नाहीत, हाताची बोटं गाठीगाठींची. या एका चित्रासाठी त्याने आधी शेतकऱ्यांचे कितीतरी चेहरे काढून हात बसवला होता. त्याने भावाला पत्रात कळवलं होतं की ज्या हातांनी ही माणसं ताटात हात घालतायत, त्याच हातांनी त्यांनी जमीन उकरलीय, हे दिसायला हवं. त्याच्या चित्रकार मित्रानेही या चित्राला नावं ठेवली.

आमच्यात यावर बरंच बोलणं झालं. उजवीकडची म्हातारी कपात कॉफी ओततेय. सगळे खातायत आणि ही वाढतेय. "तिथंही तेच," एक सुनबाई म्हणाली, आणि सगळ्या हसल्या.

व्हिन्सेंट १८९० साली, वयाच्या ३७ व्या वर्षी गेला. जेमतेम दहा वर्षं त्याने चित्रं काढली, पण तैलचित्रंच साडेआठशेच्या आसपास. विकली गेली अगदी थोडी. मग तो इतका प्रसिद्ध झाला कसा? मैत्रिणींनो, ही गोष्ट लक्ष देऊन ऐका, कारण ती एका बाईची आहे.

व्हिन्सेंटचा भाऊ थिओ त्याला पैसे पाठवायचा. व्हिन्सेंटच्या मागोमाग सहा महिन्यांत थिओही वारला. मागे राहिली त्याची बायको योहाना. वय २८, लग्नाला दोन वर्षंही झाली नव्हती, कडेवर वर्षाच्या आतलं मूल. आणि घरात काय? दिराची शेकडो चित्रं, ज्यांना बाजारात भाव नव्हता, आणि पत्रांचा ढीग.

योहाना आपल्या मुलखात परत गेली. पोटासाठी तिने एक घर घेऊन पैसे देणारे पाहुणे ठेवायला सुरुवात केली, म्हणजे आपल्याकडच्या खानावळीसारखंच. भिंतींवर दिराची चित्रं लावली. रात्री पत्रं वाचली. मग एकेका गावात, एकेका प्रदर्शनात चित्रं पाठवायला लागली. सगळी एकदम विकली नाहीत. काही विकायची, काही मागे ठेवायची, चांगल्या ठिकाणी लागतील असं बघायची. आणि कुठलं चित्र कुणाला, कितीला गेलं याची तिने वही ठेवली. ती हिशेबाची वही आजही जपलेली आहे. अभ्यासक तिचा आधार घेतात.

१९०५ साली तिने ॲमस्टरडॅममध्ये साडेचारशेहून जास्त कामांचं मोठं प्रदर्शन भरवलं. १९१४ साली पत्रं छापली. भावाला लिहिलेली पत्रंच सहाशेहून जास्त होती. १९२४ साली सूर्यफुलांचं एक चित्र लंडनच्या नॅशनल गॅलरीला दिलं, तेही मन घट्ट करून. १९२५ साली ती गेली. तिच्या मुलाने ती चित्रं एकत्र राखली, आणि १९७३ साली ॲमस्टरडॅममध्ये व्हॅन गॉग संग्रहालय उघडलं.

आमच्या गटाची अध्यक्ष आणि सचिव या गोष्टीने एकदम सावरून बसल्या. कारण दर महिन्याला वही लिहायचा कंटाळा कोण करतं आणि "लिहा गं" म्हणून मागे कोण लागतं, हे सगळ्यांना माहीत आहे. नाव नुसतं कर्तबगारीने होत नाही. कुणीतरी सांभाळावं लागतं, मोजावं लागतं, चार ठिकाणी सांगावं लागतं. जगातल्या एका मोठ्या चित्रकाराचं नाव एका तरुण विधवेने असं उभं केलं.

तिसरी चित्रकार आपली, अमृता शेरगिल. वडील पंजाबचे शीख, आई हंगेरीची. १९१३ साली बुडापेस्टला जन्म, पॅरिसमध्ये शिक्षण. १९३४च्या अखेरीस ती भारतात परतली आणि इथल्या साध्या माणसांची, त्यातही बायकांची चित्रं काढायला लागली. आपल्या अजिंठ्याची लेणी बघून ती भारावून गेली आणि पुढच्या तिच्या चित्रांत ते रंग, ते सावळेपण उतरलं. १९४१ साली लाहोरला ती वारली, अवघी २८ वर्षांची.

तिचं 'तीन मुली' हे १९३५ सालचं चित्र. त्याला बॉम्बे आर्ट सोसायटीचं सुवर्णपदक मिळालं. चित्रात तीन तरुण मुली जवळजवळ बसल्यात. नजर खाली, हात सैल. मागे घर नाही, झाड नाही, काहीच नाही. आवाज बंद ठेवून बघत होतो तेव्हाच एक जण म्हणाली, "बाहेर पाहुणे बघायला आलेत." दुसरी म्हणाली, "कुणाला पसंत करतील, याची वाट बघतायत." नंतर व्याख्यान लावलं. त्यातही हेच होतं, की आपल्या हातात नसलेल्या नशिबाची या मुली वाट बघताहेत असं वाटतं. त्या दिवशी चित्र बाजूला राहिलं आणि प्रत्येकीने आपल्या बघण्याच्या कार्यक्रमाविषयी सांगितलं. पंचवीस-तीस वर्षं एकाच गावात राहून आम्ही हे एकमेकींना कधी सांगितलं नव्हतं.

पण सगळ्यांचं एकमत झालं असं समजू नका. आमच्यातली एक स्पष्ट बोलली, "ही बाई चांगली आहे, पण हिच्या चित्रात गावाकडची बाई हसतच नाही. आम्ही काय सदानकदा दुःखी असतो? रोपं लावताना आम्ही किती हसतो ते हिने बघितलं नव्हतं." यावर दोन बैठका वाद चालला. कुणी म्हणालं, चित्रकाराला जे बोचलं ते तिने काढलं. कुणी म्हणालं, लांबून बघणाऱ्याला आपलं दुःख आधी दिसतं. नावाजलेल्या चित्रकाराशीही असा वाद घालता येतो, आणि घालावा. व्याख्यान देणारा म्हणाला 'महान', म्हणून मान डोलवायची गरज नाही. आपल्याला कारण सांगता आलं पाहिजे, एवढंच.

एक अवघड गोष्टही सांगून टाकतो. या व्याख्यानांत उघड्या बायकांची चित्रं पुष्कळ येतात. पहिल्यांदा आलं तेव्हा पदर तोंडाला लावून सगळ्या गप्प. बंद करावं का, असाही विचार झाला. मग आम्ही वेगळा प्रश्न विचारायचं ठरवलं. हे कुणी काढलं, कुणासाठी काढलं, आणि चित्रातल्या बाईचं नाव काय? बहुतेक वेळा शेवटच्या प्रश्नाला उत्तर मिळत नाही. हा प्रश्न विचारणाऱ्या आम्हीच पहिल्या नाही. न्यूयॉर्कमध्ये गुरिला गर्ल्स नावाचा बायकांचा एक गट आहे, त्या तोंडाला गोरिलाचे मुखवटे लावून फिरतात. १९८९ साली त्यांनी तिथल्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात जाऊन मोजदाद केली. आधुनिक कलेच्या विभागात चित्रकार म्हणून बायका ५ टक्क्यांहून कमी, पण उघड्या अंगाच्या चित्रांत ८५ टक्के बायकाच. हे आकडे त्यांनी मोठ्या फलकावर छापले. बघा, तोही गटच, आणि त्यांनीही मोजलंच.

आता आपल्या घराकडे येऊ. बिहारमध्ये मिथिला भागातल्या बायका पिढ्यान् पिढ्या घराच्या भिंतीवर चित्रं काढत आल्या. १९६६-६७ साली तिकडे मोठा दुष्काळ पडला. तेव्हा बायकांना चार पैसे मिळावेत म्हणून ती चित्रं कागदावर काढून घेण्याचं ठरलं. ते काम करायला गेले मुंबईचे चित्रकार भास्कर कुलकर्णी. भिंतीवरचं चित्र कागदावर आलं तशी काढणारीची नावंही बाहेर आली. जगदंबा देवी, सीता देवी, गंगा देवी. या तिघींनाही पुढे पद्मश्री मिळाली.

आपल्या पालघर-डहाणू भागात वारली बायकाही लग्नाच्या वेळी भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक काढत आल्या आहेत. सुवासिनींचं ते मानाचं काम. कागदावर हीच कला घेऊन जगभर गेले जिव्या सोमा म्हसे. त्यांना २०११ साली पद्मश्री मिळाली आणि तो मान त्यांनी कष्टाने कमावला. पण त्यांच्याआधी शेकडो वर्षं ज्यांनी भिंती रंगवल्या, त्या बायकांपैकी एकीचं तरी नाव आपल्याला सांगता येईल का? लग्न झालं, पावसाळा आला, भिंत सारवली, चित्र गेलं आणि नावही गेलं.

हे सगळं बघितल्यावर आमच्या गटाने एक गोष्ट केली. आम्ही गोधड्या शिवतो. तुमच्याकडे वाकळ म्हणत असतील. जुन्या लुगड्यांचे थर, वर ठिगळांची मांडणी आणि बारीक धावदोरा. एका व्यापाऱ्यामार्फत त्या शहरात जायच्या. तिथे त्यावर व्यापाऱ्याचं लेबल लागायचं आणि खाली लिहिलेलं असायचं 'हाताने शिवलेली'. हात कुणाचा, ते नाही. आता प्रत्येक गोधडीच्या एका कोपऱ्यात आम्ही धावदोऱ्यानेच शिवणारीचं नाव आणि गावाचं नाव घालतो. दोघींनी मिळून शिवली तर दोघींची नावं. जिला अक्षर येत नाही तिच्यासाठी दुसरीने पेन्सिलने काढून द्यायचं, टाका तिनेच घालायचा. आणि योहानासारखी वही: कुठली गोधडी, किती दिवस लागले, कुणाला गेली, कितीला गेली, शक्य तर फोटोसुद्धा.

व्यापारी म्हणाला, नावामुळे भाव वाढणार नाही. ठीक आहे, लगेच वाढलाही नाही. पण वहीत दिवस लिहायला लागल्यावर एका गोधडीला किती दिवसांची मजुरी पडते हे आम्हाला पहिल्यांदा आकड्यात दिसलं, आणि भाव ठरवताना आम्ही तोंड उघडायला लागलो. चित्रं बघून पोट भरतं का, याचं आमचं उत्तर हे एवढं आहे.

तुमच्या गटाला सुरू करायचं असेल तर चार गोष्टी सांगतो. एक, व्याख्यान आधीच मोबाइलमध्ये उतरवून ठेवा, म्हणजे ऐन वेळी रेंज गेली तरी अडत नाही. दहा-पंधरा मिनिटांचंच निवडा. दोन, यूट्यूबवर खाली अक्षरांच्या ओळी येतात, त्यांचं मराठी भाषांतरही दाखवता येतं. ते यंत्राचं असतं, पुष्कळदा हसू येईल असं, म्हणून शिकणारी एक मुलगी किंवा मुलगा जवळ बसवा. त्यांचाही अभ्यास होतो. तीन, टीव्हीवर सगळी चित्रं सारख्याच आकाराची दिसतात. म्हणून खरं माप विचारून घ्या आणि भिंतीवर खडूने तेवढी चौकट आखा. सरवा वेचणाऱ्या बायकांचं चित्र जेमतेम साडेतीन फूट रुंद आहे, हे आखल्यावरच आम्हाला कळलं. चार, व्याख्यानात फक्त कोटींचे आकडे येत असतील तर ते पुढे ढकला. अमृताचं एक चित्र २०२३ साली ६१ कोटी ८० लाखांना गेलं हे खरं, पण चित्रात काय आहे ते त्यावरून कळत नाही.

आणि जमेल तेव्हा खरं चित्र बघायला जा. त्यासाठी पॅरिसला जायला नको. सातारा जिल्ह्यात औंधला यमाईच्या दर्शनाला आपल्याकडच्या बायका जातातच. तिथेच डोंगरावर श्री भवानी संग्रहालय आहे. औंधच्या पंतप्रतिनिधींनी ते उभारलं. तिथे रविवर्म्यांची अस्सल तैलचित्रं आहेत. ओटी भरून झाली की अर्धा तास तिथे थांबा. चित्रासमोर गप्प उभ्या राहा, मग एकमेकींना विचारा, काय दिसतंय?

आमचा गट पुढच्या बैठकीत काय बघायचं ते ठरवतोय. तुमच्या गटाने काही बघितलं, तर या कार्यक्रमाला जरूर कळवा. आणि कळवताना खाली सगळ्यांची नावं लिहा, एकही सोडू नका.